शाळेत निसर्गाचा तास सुरू करताय? आधी एक झाड निवडा : सीमाभागातल्या शिक्षक-पालकांसाठी

मे संपत आला की मला फोन येऊ लागतात. कधी नव्याने रुजू झालेल्या बाईंचा, कधी एखाद्या गावच्या एसडीएमसीवर (शाळेच्या विकास-देखरेख समितीवर) निवडून आलेल्या पालकांचा. प्रश्न एकच असतो: "पाच जूनला, पर्यावरण दिनाला, शाळेत काय घेऊ? आणि पुढे वर्षभर काय करू?"

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं जे सगळे करतात. मिरगाचा पाऊस पडला, साठ रोपं आणली, गावच्या पंचांना बोलावलं, फोटो काढले, पोरांना पेढे वाटले. पुढच्या एप्रिलमध्ये मोजली तर चार रोपं जिवंत होती. उरलेल्यांतली निम्मी शेळ्यांनी खाल्ली, निम्मी उन्हाने गेली. एकाही मुलाला त्याचं वाईट वाटलं नाही आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. वाईट वाटणार तरी कसं? साठातलं एकही रोप कुणा एका मुलाचं नव्हतं.

तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी बघायचं, मग ओळखायचं, लावायचं सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. पहिली ते पाचवीच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय, पण सातवीपर्यंत चालतो.

१. एक झाड निवडा आणि वर्षभर त्याच्याकडेच जा

शाळेच्या आवारात किंवा पाच मिनिटांच्या चालीवर असलेलं एक मोठं झाड निवडा. वर्गाला एक झाड पुरतं. पटसंख्या जास्त असेल तर आठ-दहा मुलांच्या गटाला एक.

झाड निवडताना नव्या शिक्षकांची एक चूक हमखास होते. बहावा दिसायला सुंदर म्हणून बहावा घेतात. तो फुलतो एप्रिल-मेमध्ये, म्हणजे शाळेला कुलूप असताना. मुलं जूनमध्ये परत येतात तेव्हा फुलांचा पत्ताही नसतो. शाळेचे दिवस आणि झाडाचे दिवस जुळले पाहिजेत. माझी पसंती अशी:

- जांभूळ : जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा खाली सडा पडलेला असतो, पहिल्याच आठवड्यात लिहायला भरपूर मिळतं. मार्चमध्ये फुलतं.
- आंबा : डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोर, त्यावर माश्या आणि मधमाश्या. कोवळी तांबूस पालवीही मुलांना चटकन दिसते.
- पळस आणि सावर : जानेवारी ते मार्च. पानं गळून गेलेल्या फांद्यांवर फुलं, आणि फुलांवर साळुंक्या, बुलबुल, कावळे यांची जत्रा.
- उंबर : वर्षातून अनेकदा फळं धरतो, त्यामुळे पक्षी कायम.

दर शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातला एक तास यासाठी ठेवा. झाडाखाली गेल्यावर मुलांनी पाच गोष्टी बघायच्या: पानं (जुनी, कोवळी, गळलेली), कळ्या-फुलं, फळं, झाडावर आलेले पाहुणे आणि झाडाखालची जमीन. पहिली-दुसरीची मुलं चित्र काढतील, तिसरीपासूनची दोन-चार ओळी लिहितील. एवढंच. पहिल्या दोन महिन्यांत माहिती सांगायची घाई करू नका. मुलाने "पानाच्या मागे पांढरं काहीतरी आहे" असं लिहिलं तर तेच राहू द्या. ते काय आहे हे त्याला स्वतःहून विचारावंसं वाटेपर्यंत थांबा.

महिन्यातून एकदा खोडाचा घेर मोजायचा. इथली एक गोष्ट सांगते. तिसरीतल्या एका मुलाने ऑगस्टमध्ये ठासून सांगितलं, "बाई, जांभूळ बारीक झालंय." वही उघडून दाखवली. जूनमध्ये १४२ सेंटीमीटर, ऑगस्टमध्ये १३८. पोरं हसली, पण त्याने आकडे खरेच लिहिले होते. मग आम्ही दोनदा मोजलं. जूनमध्ये सुतळी खाली, जिथे खोड मुळांकडे फुगतं तिथे धरली होती. ऑगस्टमध्ये पोरगं स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत मोजत होतं. त्या दिवशी त्यांना कळलं की मोजायची जागा ठरलेली लागते. जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे साधारण मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आम्ही चुन्याची खूण केली. वनखात्याचे लोकही घेर साधारण याच उंचीवर मोजतात. तुम्ही पहिल्याच दिवशी खूण करू शकता, पण माझा सल्ला आहे की करू नका. मुलांना एकदा चुकू द्या.

सीझनवॉच नावाचा एक देशभरचा उपक्रम आहे. त्यात शाळा दर आठवड्याला एका झाडाची नोंद पाठवतात. आधी वहीची सवय लागू द्या, मग दुसऱ्या वर्षी त्यात उतरा. पहिल्या वर्षी फोनवर नोंदी भरायला लागलात तर तुम्ही फोनकडे बघाल, पोरं तुमच्याकडे बघतील आणि झाडाकडे कुणीच बघणार नाही.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. शाळेच्या कुंपणाबाहेर मुलांना नेताना काही कमी-जास्त झालं तर सगळ्यात आधी कागदच विचारले जातात.

आवारातल्या तासासाठी मुख्याध्यापकांची तोंडी परवानगी चालते, तरी वर्षाच्या वेळापत्रकात "परिसर अध्ययन, प्रत्यक्ष निरीक्षण" अशी नोंद करून घ्या. शाळेत इको क्लबची वही आहे का तेही विचारा. बऱ्याच शाळांत ती असते आणि कपाटात पडून असते. तिच्यातच नोंदी केल्या तर तुमचं काम वेगळं, जादाचं ठरत नाही.

बाहेर जायचं असेल तर हे जमवा:

- एसडीएमसीच्या बैठकीतला ठराव (वर्षातून एकदाच, सगळ्या फेऱ्यांचा मिळून)
- पालकांची सही असलेली संमतिपत्रं, त्यात मुलाचा रक्तगट, दमा किंवा फिट्ससारखा आजार आणि मधमाशी-गांधीलमाशी चावल्यावर त्रास होतो का, याची नोंद
- मुलांची यादी आणि प्रत्येकाच्या घरचे दोन फोन नंबर
- सोबत येणाऱ्या मोठ्या माणसांची नावं. दहा मुलांमागे एक माणूस हवाच
- लांबची सहल असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाला पत्र, त्याची प्रत सीआरपींना (केंद्रातल्या शाळांच्या साधनव्यक्तींना)

जंगलाच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याच्या वलय अरण्याधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना आरएफओ म्हणतो त्यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. भीमगड अभयारण्यात तर परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहा. माझा पहिला अर्ज मराठीत होता आणि तो तीन आठवडे टेबलावर पडून राहिला, तोवर पळस फुलून गेला. इथला कारभार कन्नडमध्ये चालतो. आपल्या मुलांना पळस वेळेत दिसायचा असेल तर शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांना बसवून अर्ज लिहून घ्या, वाचून समजून घ्या, सही करा. पोच घ्यायला विसरू नका.

"अभ्यासक्रम बुडतो" अशी तक्रार एखाद्या पालकाकडून येईलच. त्यांना परिसर अध्ययनाचं पुस्तक उघडून दाखवा. झाडं, पाणी, प्राणी, अन्न, घर हेच धडे आहेत. पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवावा असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच दिलेला आहे, हेही सांगा.

३. साहित्य

फार काही लागत नाही. विकत आणायच्या वस्तू थोड्याच.

- शंभर पानी वही, एक पान रेघांचं आणि एक कोरं अशी मिळाली तर उत्तम
- पेन्सिली (पावसात पेनाची शाई पसरते), खडू-रंग
- सुतळी, शिंप्याची मोजपट्टी
- दोन-तीन भिंगं
- पारदर्शक झाकणाच्या डब्या, झाकणाला भोकं पाडून. किडा बघून झाला की त्याच जागी सोडायचा
- पांढरा पंचा किंवा जुनी चादर : फांदीखाली धरून फांदी हलकी हलवली की किती जीव खाली पडतात ते पाहताना मुलांचे डोळे मोठे होतात
- प्रथमोपचाराची पेटी, पाण्याच्या बाटल्या, शिट्टी

दुर्बीण नसली तरी चालेल. पक्षी आपोआप जवळ येतात, आपण शांत बसलो की.

४. नावं गोळा करा, दोन्ही भाषांतली

आपल्या भागातल्या मुलाच्या घरी मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दोन्ही. झाडांची नावंही तशीच आहेत. आमच्या शाळेत अक्षर दासोहचा, म्हणजे मुलांच्या दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी कन्नड घरातल्या. एकदा मुलं जांभळाची चित्रं काढत बसली होती. मावशी भाताचं पातेलं उतरवून पदराला हात पुसत आल्या, वहीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "नम्म कडे नेरळे अंतार." आमच्याकडे याला नेरळे म्हणतात. मुलांना ते इतकं आवडलं की पुढचा महिनाभर मावशींना स्वयंपाक सुचू दिला नाही. एकेक पान घेऊन जायचे, "मावशी, ह्ये काय?"

त्यातून आमच्या भिंतीवरचा तक्ता तयार झाला. तुम्हाला सुरुवातीला हा उपयोगी पडेल:

- जांभूळ : नेरळे
- आंबा : मावु
- फणस : हलसु
- वड : आल
- पिंपळ : अरळी
- उंबर : अत्ती
- चिंच : हुणसे
- कडुनिंब : बेवु
- करंज : होंगे
- पळस : मुत्तुग
- बहावा : कक्के
- ऐन : मत्ती
- चिमणी : गुब्बी
- कावळा : कागे

हा तक्ता छापील आणू नका. मुलांनी घरी आजीला, शेजारच्या अज्जीला, शिवारातल्या गड्याला विचारून भरायचा. एकाच झाडाला दोन गावांत दोन मराठी नावं निघाली तर दोन्ही लिहा. आजीकडून नावाबरोबर उपयोगही येतो. कशाचं पान भाजीला, कशाची साल काढ्याला, कुठलं लाकूड नांगराला. एका सावधगिरीची मात्र गरज आहे. रानातली कुठलीही भाजी, फळ, अळंबी मुलांनी स्वतः तोडून तोंडात घालायची नाही, आजीने सांगितलं असलं तरी. ओळखीत चूक झाली तर ती जिवावर बेतते, विशेषतः अळंबीच्या बाबतीत.

पक्ष्यांसाठी पाच नावांवर थांबा. साळुंकी, बुलबुल, कोतवाल, सातभाई, खंड्या. वर्षभरात मुलं ती पाच आवाजावरून ओळखू लागली तरी खूप झालं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. सीमेच्या अलीकडेही तो पाळायला कुणाची हरकत नाही. त्या आठवड्यात आम्ही रोज परिपाठाआधी दहा मिनिटं फक्त ऐकतो.

५. पाणी कुठून येतं, कुठे जातं

हा माझा सगळ्यात आवडता भाग. आपल्या जिल्ह्यासारखा भूगोल फार कमी मुलांच्या नशिबात असतो आणि पुस्तकात तो दोन ओळींत संपतो.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच तालुक्यात देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला उतरते, गोव्यात तिचीच मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एकाच तालुक्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना जातो.

हे मुलांना सांगू नका, करून दाखवा. पटांगणात मातीचा लांबट ढीग करा, मध्ये उंच धार ठेवा, वर ताडपत्री घाला आणि दाबून घळी पाडा. धारेच्या एका बाजूला चिमूटभर हळद, दुसऱ्या बाजूला कुंकू भुरभुरा. आता झारीने धारेवर पाणी सोडा. पिवळं पाणी एकीकडे, लाल दुसरीकडे. दोन टोकांना दोन घमेली ठेवा, एकावर लिहा "बंगालचा उपसागर", दुसऱ्यावर "अरबी समुद्र". आमच्याकडची एक मुलगी बराच वेळ एकच थेंब धारेवर सोडत बसली होती. तो बरोबर मध्ये पडला तर कुठे जाईल, हे तिला बघायचं होतं. तास संपल्याची घंटा झाली तरी उठेना. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊन आलेली मुलं वर्गात असतातच, त्यांना तिथलं पाणी आठवायला सांगा. आपल्या डोंगरातलं पाणी तिथे पोचलेलं असतं.

तुम्ही बेळगाव शहराजवळ असाल तर मार्कंडेय नदी आणि राकसकोपचं धरण घ्या, कारण शहराच्या नळाला तिथून पाणी येतं. निपाणी-चिकोडीकडे वेदगंगा आणि दूधगंगा, गोकाक-हुक्केरीकडे घटप्रभा आणि हिडकल. ज्याच्या त्याच्या घागरीत जे पाणी आहे, त्याचा माग काढायचा.

सोबत पर्जन्यमापक करा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, कमरेत आत गेलेली नको. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून त्यातच नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ वरखाली असतो, म्हणून आत थोडे खडे टाकून समान पातळीपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, तुम्हीही तीच वेळ धरा, मोजून झालं की शून्यापर्यंत ओता. मिरग, आर्द्रा, तरणा, म्हातारा अशा नक्षत्रांप्रमाणे बेरीज करा. घरी आजोबा सांगतात "औंदा तरण्याने दगा दिला", ते खरं की नाही हे मुलांच्या वहीतून निघतं. अथणीकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर कणकुंबी-आमगावकडे काही हजार मिलिमीटर. दोन्हीकडच्या शाळा ओळखीच्या असतील तर आकड्यांची देवाणघेवाण करा.

६. आता रोपं लावा, पण दहाच

पहिल्या वर्षी दहापेक्षा जास्त रोपं लावू नका. प्रत्येक रोपाला दोन मुलांची नावं द्या, एक तिसरीतलं आणि एक पहिलीतलं. मोठं शाळा सोडून गेलं तरी धाकटं राहतं.

रोपं वनखात्याच्या रोपवाटिकेतून मिळतात, पण मुलांनी स्वतः बी रुजवलं तर फरक पडतो. जांभूळ आणि फणसाचं बी ताजंच लावावं लागतं. वाळवून डब्यात ठेवलं तर रुजत नाही. जूनमध्ये मुलं जांभळं खातात, त्याच दिवशी बिया पिशव्यांत टाका. करंज सहज येतो. बहाव्याच्या बीचं कवच फार टणक. दगडावर थोडं घासून रात्रभर पाण्यात भिजवा. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, खाली भोकं पाडून वापरल्या की पिशव्यांचाही खर्च नाही. ही रोपं पुढच्या जूनमध्ये लावायची. वर्षभर थांबण्याची सवय मुलांना लागते, आणि आपल्यालाही.

खड्डा मे महिन्यातच दीड फूट लांब, रुंद, खोल खणून ठेवा. उन्हाने तापू द्या. लाल जांभ्या दगडाची जमीन असेल तर खड्ड्यातले दगड काढून गाळाची माती आणि शेणखत भरा. मिरगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा थर द्या. कुंपणाला बाभळीच्या किंवा करवंदीच्या काट्या. शेळी त्यातूनही तोंड घालते, म्हणून कमरेएवढं उंच करा.

गुलमोहर, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ दिली तर नम्रपणे नको म्हणा. त्या लवकर वाढतात म्हणून देतात. आपल्या पक्ष्यांना, किड्यांना देशी झाडं हवीत.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. शाळा बंद, विहिरीला पाणी कमी, पोरं मामाच्या गावाला. सुट्टी लागण्याआधी कोण कुठे जाणार ते विचारून पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहा आणि शाळेजवळ राहणाऱ्या दोन पालकांना तो कागद द्या. रोपाशेजारी बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरलं की ते चार-पाच दिवस पाझरत राहतं. जुनी मडकी प्रत्येक घरी असतात. गेल्या तीन उन्हाळ्यांत आमची दहापैकी आठ-नऊ रोपं टिकली, ती या मडक्यांनी आणि पाळ्यांनी.

७. कचरा

थोडक्यात सांगते, कारण यावर सगळे बोलतात. एका शनिवारी आवारातला कचरा गोळा करून चादरीवर पसरा आणि मुलांना वाटण्या करू द्या. आमच्याकडे सगळ्यात मोठा ढीग निघाला कुरकुऱ्यांच्या आणि गोळ्यांच्या वेष्टनांचा, म्हणजे मुलांचाच. ओरडू नका, मोजू द्या. महिन्याने पुन्हा मोजा. कर्नाटकात प्लास्टिक पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे आणि देशभर एकदा वापरून टाकायच्या बऱ्याच वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. ही माहिती मुलं घरी जाऊन सांगतात आणि दुकानातही.

पालापाचोळा जाळू नका, प्लास्टिक तर मुळीच नाही. तीन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा खणून पाला, भाजीची देठं, शेणकाला असे थर द्या. जेवणानंतर मुलं हात धुतात ते पाणी चर खणून केळी आणि अळूकडे वळवा. ऊस पट्ट्यातल्या शाळांनी पाचट जाळणं हा विषय घ्यावा, पण मुलाच्या वडिलांना दोष जाईल अशा रीतीने नाही. शेतात पाचट कुजवलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर मुलांना न्या आणि माती हातात घेऊ द्या.

८. लांबची फेरी, आणि जिथे जपायचं ती ठिकाणं

वर्षातून एक लांबची सहल पुरे. गोकाकचा धबधबा आणि घटप्रभेचं पक्षी अभयारण्य एका दिवसात होतं. भीमगडकडे नेत असाल तर तिथल्या वटवाघळाची गोष्ट मुलांना नक्की सांगा. तळेवाडीकडच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं आणि त्यानंतर कित्येक दशकं जगात ते फक्त इथेच माहीत होतं. आपल्या तालुक्यात असं काही आहे म्हटल्यावर मुलांची मान ताठ होते. गुहेत मात्र जायचं नाही; त्या जिवांनाही त्रास आणि आपल्यालाही धोका.

धोक्यांबद्दल स्पष्ट लिहिते:

वीटभट्ट्यांसाठी माती काढलेले खड्डे आणि दगडाच्या बंद पडलेल्या खाणी पावसाळ्यात काठोकाठ भरतात. पाणी गढूळ, काठ निसरडा, खोली कळत नाही. मुलं पोहायला म्हणून उतरतात. फेरीची वाट ठरवताना असे खड्डे टाळाच, शिवाय मुलांना त्यांची जागा नाव घेऊन सांगा, कारण ती सुट्टीत तिकडे जातात.

साप दिसला तर मागे सरून उभं राहायचं. विषारी चार मुलांना चित्रावरून माहीत हवेत: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चावला तर ब्लेडने कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. मुलाला आडवं ठेवा, धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस असते हे सहलीच्या आधीच विचारून ठेवा.

कोरड्या दिवसांत जंगलातून फिरल्यावर गोचिड्या अंगाला लागतात. त्यांच्यातून माकडताप पसरू शकतो. हा आजार पहिल्यांदा १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला, म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असंही म्हणतात. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर तिथूनच परत फिरा आणि वनखात्याला कळवा. घरी गेल्यावर अंघोळ आणि अंग तपासणं सगळ्यांनीच.

पश्चिमेकडच्या गावांत अस्वलं आणि गवे शिवारापर्यंत येतात. सकाळी लवकर किंवा तिन्हीसांजेला मुलांना रानवाटेने नेऊ नका, आणि गावातल्या जाणत्या माणसाशिवाय तर कधीच नाही. मधमाश्यांच्या पोळ्याखाली अत्तर, फवारे, आरडाओरडा नको.

९. वही तपासताना

लाल पेन वापरू नका. शुद्धलेखन निसर्गाच्या वहीत तपासायचं नाही, त्यासाठी मराठीची वही आहे. मी पानाखाली एक प्रश्न लिहून ठेवते, "मुंग्या वर जात होत्या की खाली?" एवढाच. पुढच्या शनिवारी मूल तेच बघायला धावतं. सगळ्यात चांगल्या वहीला बक्षीस वगैरे ठेवलं की मुलं एकमेकांचं बघून लिहितात. मी एकदा ठेवलं होतं, त्या महिन्यात बावीस वह्यांत तोच एक खंड्या बसला होता.

१०. पहिले चार शनिवार

कुठून सुरू करू, असं वाटत असेल तर हे असंच्या असं करा.

पहिला शनिवार : झाड निवडा. मुलांनी मतं द्यायची. मग झाडाखाली पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि ऐकलेले आवाज वहीत लिहायचे.

दुसरा : घेर मोजा. खाली पडलेलं एक पान वहीत चिकटवा, शेजारी त्याचं चित्र काढा. घरी जाऊन नाव विचारून यायचं, दोन्ही भाषांत.

तिसरा : पंचा पसरून फांदी हलवा. पडलेले जीव मोजा, भिंगातून बघा, सोडून द्या. पर्जन्यमापक त्याच दिवशी बसवा.

चौथा : पाऊस असला तरी तास रद्द करू नका, विजा चमकत नसतील तर. छत्र्या, इरली घेऊन झाडाजवळ जा. सर थांबल्यावर छत्र्या मिटायच्या, घड्याळ बघायचं, आणि झाडाखाली उभं राहून पानांवरचे थेंब आणखी किती मिनिटं पडत राहतात ते मोजून लिहायचं.